हरणाच्या सीझनसाठी आणि रेंजवरच्या सरावासाठी स्कोप: २०० डॉलरच्या आत काय घ्यावं?

बारामतीकर_पीए

मंडळी, नमस्कार.

मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर बरीच वर्षं मनात असलेली हौस काढली. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि ऑफिसातल्या एका मित्राला सोबत नेऊन रुगर अमेरिकन घेतली. बोल्ट अ‍ॅक्शन, .३०८ काडतुसाची. मित्राच्या काकांचं वर पॉटर काउंटीत रान आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हरणांचा सीझन उघडतो, तेव्हा मला बोलावलंय. तोवर जवळच्या १०० यार्डांच्या रेंजवर हात बसवायचा विचार आहे.

घोडं अडलंय ते स्कोपपाशी, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीपाशी. बजेट रिंगा (स्कोप रायफलीला पकडणाऱ्या कड्या) धरून २०० डॉलर. त्यापुढे गेलो तर घरात प्रश्नोत्तराचा तास सुरू होईल.

दुकानातल्या पोरानं ६-२४×५० काढून दिला, म्हणजे पॉवर ६ ते २४ पट आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. हातात धरून बाहेर पाहिलं तर समोरच्या पेट्रोल पंपावरचा भाव एक एक आकडा सुटा दिसत होता, खोटं कशाला बोलू, मोह झाला. ऑनलाइन एक ४-१६×५० दिसतोय, ६० डॉलर, आत लाल-हिरवा दिवा, वर लेझर फुकट, आणि खाली पाच चांदण्यांचा पाऊस. मित्र म्हणतो, ३-९×४० घे आणि गप्प बस. त्याच्याकडे बापाच्या वेळचा स्कोप आहे, त्यामुळे त्याला जगात दुसरं काही निघालंय हेच मान्य नाही.

चाळीशी लागली आहे, चष्मा प्रोग्रेसिव्ह. रेंजवर महिन्यातून एक-दोनदा जाणं होईल. एकाच स्कोपवर दोन्ही भागेल ना?

शिकार करावी की करू नये यावर कृपया वेगळा धागा काढा, तिथे येऊन निमूट शिव्या खाईन. इथे फक्त स्कोपचं बोलू.

टेक्सासची_वहिनी

मित्र बरोबर सांगतोय. नावाजलेल्या कंपनीचा ३-९×४० घ्या, विषय संपला.

आमच्याकडे हे रानडुकरांच्या मागे असतात, तीही रात्री, म्हणून त्यांनी थर्मल घेतलाय, अंगाच्या उष्णतेवर जनावर दाखवणारा. त्याच्या किमतीत तुमच्यासारख्या चार रायफली आल्या असत्या. माझ्या रायफलीवर मात्र साधा ३-९ च आहे आणि मला आजवर त्याच्यापुढे काही लागलेलं नाही. लेझर फुकट देतात तिथून वळून चालू लागावं, एवढंच सांगते.

नाना_कराडकर

वहिनींनी निकाल दिलाच आहे. मी कारणं सांगतो, म्हणजे परत त्या दुकानात पाय टाकलात तर डळमळायला नको. मी यॉर्कला मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, पोट मायक्रोमीटरवर चालतं, त्यामुळे खोलात शिरायची खोड आहे. चालवून घ्या.

आधी रान बघा. पॉटर काउंटी म्हणजे डोंगर, दाट झाडी आणि मधे लॉरेलची झुडपं. तिथलं हरीण दोनशे यार्डांवर माळात उभं राहून तुमची वाट बघत नाही. पन्नास-साठ यार्डांवर झुडपातून निघतं, चार पावलं टाकतं, कान हलवतं आणि परत आत. ३-९ चा स्कोप ३ वर ठेवला की १०० यार्डांवर साधारण ३४ फुटांचा पट्टा दिसतो, ५० वर त्याच्या निम्मा. ६-२४ ची सुरुवातच ६ पासून, म्हणजे पन्नास यार्डांवर जेमतेम आठ-नऊ फूट. त्यात रायफल खांद्याला लावायची, हलतं जनावर शोधायचं आणि नेम धरायचा. भिंगात नुसते तपकिरी केस दिसतात. ते खांद्याचे की मागच्या फऱ्याचे, हे कळेपर्यंत हरीण पुढच्या टाउनशिपमध्ये पोचलेलं असतं.

पेट्रोल पंपाचे आकडे तुम्ही भर दुपारी, काउंटरवर कोपर टेकवून पाहिलेत. नोव्हेंबरात पहाटे, हातमोजे घालून, झाडाला पाठ लावून बसल्यावर २४ वर क्रॉसहेअर, म्हणजे भिंगातली नेमाची फुली, स्थिर राहतच नाही. आपल्याच नाडीचे ठोके दिसतात.

आता उजेड, कारण पैसे इथेच वाया जातात. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला आकार पॉवरने भागा. जो आकडा येतो तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. ४० भागिले ९ म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. ५० भागिले २४ म्हणजे दोन. कायद्याने नेम धरायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि हरणं नेमकी त्याच दोन वेळांना हलतात. त्या अंधुक उजेडात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. आपल्या वयाला पाच धरा. म्हणजे ३-९×४० ला संध्याकाळी ८ च्या खाली आणलंत की तुमचा डोळा घेऊ शकेल तेवढा सगळा उजेड मिळाला. त्यापुढे ५० चं भिंग लावून वजन वाढतं, स्कोप रायफलीच्या नळीपासून वर उचलावा लागतो आणि गाल बटावर नीट टेकत नाही. स्कोपच्या तीस मिलिमीटरच्या जाड नळीतून जास्त उजेड येतो, असंही दुकानात ऐकवतील. जाड नळीने क्रॉसहेअर वर-खाली सरकवायला जागा जास्त मिळते, बस. उजेड ठरतो भिंगावर आणि त्यावरच्या कोटिंगवर. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' लिहिलेलं बघा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्या भिंगावर एक थर दिला असला तरी म्हणता येतं.

साठ डॉलरवाल्याचं सांगतो. स्कोपच्या पोटात एक बारीक नळी असते. वरची आणि बाजूची चकती फिरवता तेव्हा आत स्क्रू त्या नळीला ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. सगळा खेळ त्या स्प्रिंगचा. तुमची रायफल सव्वासहा पौंडांच्या आसपास, म्हणजे हलकी, आणि काडतूस .३०८. धक्का सणसणीत बसतो. स्प्रिंग दुबळी असली की प्रत्येक गोळीनंतर ती नळी थोडी वेगळ्या जागी बसते. तुम्हाला वाटतं आपला हात हलला. चार क्लिक डावीकडे देता, काहीच होत नाही. आणखी दोन देता, एकदम सहा क्लिकांची उडी. अशा स्कोपबरोबर माणूस दुपारभर बसतो आणि वीस काडतुसांचं एकेक खोकं संपवत जातो. .३०८ ची एक गोळी डॉलरच्या वर पडते, हिशोब तुम्हीच करा. आतला दिवा चांगला लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नावं हवीत तर: व्होर्टेक्स क्रॉसफायर टू ३-९×४०, दीडशेच्या आसपास मिळतो आणि रिंगांना पैसे उरतात. ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० त्याहून हलका आणि संध्याकाळी स्वच्छ, पण बजेट ओलांडेल. बरिसचा फुलफील्ड सेलमध्ये दिसला तर सोडू नका. सेकंडहँड घ्यायला अजिबात लाजू नका. व्होर्टेक्स आणि ल्युपोल्ड दोघांची हमी आयुष्यभराची आहे आणि मालक बदलला तरी ती चालते. जुने निकॉनचे प्रोस्टाफ स्वस्तात दिसतील, भिंगं उत्तम होती, पण त्यांनी रायफल स्कोपचा धंदाच बंद केला, म्हणून मी त्यात पडत नाही. एक सांभाळा: ऑनलाइन बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला येतात, खोक्यासकट. तीनशेचा स्कोप कोरा असून नव्वदला मिळत असेल तर तो तीनशेचा नाही.

रेटिकल, म्हणजे क्रॉसहेअरचा नमुना, साधं डुप्लेक्स घ्या, बाहेर जाड आणि मध्याकडे बारीक होत जाणारं. अंधुक उजेडात जाड दांड्या डोळ्याला मधे नेतात. लांबच्या नेमासाठी खाली ठिपक्यांची शिडी असलेलं बीडीसी मिळालं तरी बिघडत नाही, फक्त या किमतीतल्या बहुतेक स्कोपांत ती शिडी सगळ्यात मोठ्या पॉवरवरच खरी असते. ३-९ असेल तर ९ वर. ४ वर ठेवून तिसऱ्या ठिपक्याने नेम धरलात तर गोळी भलतीकडे.

बारामतीकर_पीए

नाना, तुम्ही हा धागा नसता वाचला तर माझे पैसे त्या लाल-हिरव्या दिव्यात गेले असते. वहिनी, तुमचेही आभार.

क्रॉसफायर मागवतोय. आता प्रश्न असे: स्कोप दुकानात बसवून घेऊ की घरी? चष्म्याचं काय, काढून बघायचं की घालून? आणि हरीण नर की मादी, शिंगं कशी, हे बघायला तरी ९ ची पॉवर पुरेल ना?

नाना_कराडकर

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. शिंगं स्कोपमधून बघायचीच नाहीत.

आपल्याकडे बऱ्याच भागांत नराच्या एका बाजूच्या शिंगाला निदान ३ टोकं असावी लागतात, म्हणून टोकं मोजायची वेळ येते, हे खरं. पण स्कोपने काही बघायचं म्हणजे भरलेली रायफल तिकडे रोखायची. झुडपात जे हललं ते हरीण नसून तुमच्या मित्राचे काका असले तर? सीझनमध्ये डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भगवा-नारिंगी घालायची सक्ती उगाच नाही. गळ्यात ८×४२ ची दुर्बीण ठेवा. मित्राकडून उसनी घ्या, सुरुवातीला साधी चालेल. दुर्बिणीतून टोकं मोजा, मागे काय आहे ते बघा, मग रायफल उचला. माझ्याकडे पैसे कमी असते तर मी स्कोपातले तीस डॉलर कमी करून दुर्बिणीत घातले असते.

चष्मा घालूनच बघा. आयपीसची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाची, मागची रिंग फिरते ती चित्रासाठी नाही, क्रॉसहेअरसाठी आहे. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. मोकळ्या आकाशाकडे धरा, दोन सेकंद बघा, नजर दुसरीकडे न्या, परत बघा. क्रॉसहेअर पहिल्याच क्षणाला काळंभोर, धारदार दिसलं पाहिजे. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि रिंग चुकीच्या जागी राहते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात काचेच्या वरच्या भागातून बघायची सवय लागेल, कारण गाल बटावर टेकला की मान थोडी झुकते आणि नजर आपोआप वरून जाते. त्यामुळे सहसा त्रास होत नाही.

बसवायचं घरीच. दुकानात बसवून घेतलात तर ते तुमच्या मानेच्या लांबीला बसत नाही. रायफलीवर कारखान्यातून रेल (रिंगा बसवायची पट्टी) आली असेल, तरी तिचे स्क्रू आधी तपासा. ४० च्या भिंगाला लो किंवा मीडियम रिंगा पुरतात. पुढचं भिंग रायफलीच्या नळीला टेकता कामा नये आणि बोल्ट उचलताना हात आयपीसला घासता कामा नये. मग जाड जाकीट घालून, जे रानात घालणार तेच, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप मागे-पुढे सरकवा. पॉवर ९ वर ठेवूनच हे करा. या वर्गातल्या स्कोपांना डोळ्यापासून साडेतीन ते चार इंच अंतर लागतं. ते कमी ठेवलंत तर .३०८ भुवईवर अर्धचंद्र काढून देते. आमच्या रेंजवर तशा खुणा घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, आणि कसं झालं हे कुणाला विचारावं लागत नाही.

उभी रेघ सरळ करायला अंगणात दोरीला वजन बांधून टांगा, रायफल लेव्हलवर धरा आणि रेघ दोरीशी जुळवा. मग स्क्रू. इथे मी हट्टी आहे. हाताच्या अंदाजाने पिळू नका, इंच-पौंडाचा टॉर्क ड्रायव्हर आणा. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पौंड, चारही बाजूंनी थोडं थोडं, दोन्हीकडची फट सारखी ठेवत. मनगटाला काही वाटण्याच्या आतच तिशी उलटते आणि स्कोपची नळी चेपते. आत ती बारीक नळी अडकली की चकत्या फिरवून काही हलत नाही आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. ड्रायव्हर विकत घ्यायचा नसेल तर यॉर्ककडे या, माझा देतो.

झिरो करायला, म्हणजे गोळी आणि क्रॉसहेअर एका जागी आणायला, आधी २५ यार्ड. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, मागून नळीतून बघा आणि टार्गेटचा मध्य नळीच्या गोलात आणा. रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच मध्यावर आणा. एवढ्याने पहिली गोळी कागदावर लागते. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकला १०० यार्डांवर पाव इंच सरकतं, म्हणजे इंचाला ४ क्लिक. २५ वर त्याच इंचाला १६ लागतात. चकतीवर 'अप' बाण आहे तो गोळी कुठे जाईल त्याचा आहे. १०० वर पोचलात की मी असतो तर दीड-दोन इंच वर ठेवलं असतं. १५० ग्रेन वजनाची .३०८ ची गोळी तशी ठेवली की २०० यार्डांच्या आसपास बरोबर मध्यावर येते, आणि हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग आठेक इंचांचा असतो, म्हणजे मधल्या कुठल्याही अंतरावर वर-खाली हिशोब करत बसायला नको.

९ वर पांढऱ्या कागदावरचं .३०८ चं भोक १०० यार्डांवरून दिसतं, काळ्यावर नाही. गोळी लागली की पिवळा रंग फुटतो ती टार्गेटं घ्या.

मृदुला_सांगली

छान धागा. मी इकडे नेमबाजीच्या क्लबात मुलांना शिकवते, त्यामुळे एक भर घालते. आमच्याकडे नवीन पालक हमखास विचारतात, स्कोप कधी घ्यायचा? ऑलिंपिकच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत भिंगाचा स्कोप चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे गोल. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य घेतलं ते तसंच. म्हणून मुलांना सांगते, आधी श्वास आणि ट्रिगर.

आता माझा प्रश्न. भावाकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे, .१७७, वीस जूलच्या आतली, म्हणजे परवाना लागत नाही ती. इकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच येत नाही, तो शेतात डबे आणि कागद फोडतो. चांगला म्हणून मोठ्या रायफलीचा सेकंडहँड स्कोप बसवला, तर थोड्याच दिवसांत आतलं क्रॉसहेअर तिरकं झालं. एअर रायफलला धक्का तो काय असतो? आणि नाना, येताना तिकडून एखादा आणता येईल का?

नाना_कराडकर

मृदुलाताई, भावाचा स्कोप वाईट नव्हता, चुकीच्या रायफलीवर होता. .३०८ चा धक्का कितीही मोठा असला तरी एकाच दिशेला, मागे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत चाप ओढला की जड पिस्टन पुढे सुटतो, रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटून थांबला की तीच रायफल झटक्यात पुढे जाते. स्कोपच्या आतले भाग मागच्या धक्क्याला धरून बसवलेले असतात. पुढच्या झटक्याला टिकायचं तर स्कोप मुद्दाम तसा बांधलेला हवा. म्हणून एअरगनसाठीचाच, 'स्प्रिंगर रेटेड' लिहिलेला घ्या. रिंगेला खाली खिळा असलेला माउंट हवा, नाहीतर सगळं मिळून मागे सरकत जातं.

दुसरं म्हणजे मोठ्या रायफलीच्या स्कोपचा पॅरलॅक्स, म्हणजे चित्र आणि क्रॉसहेअर जुळायचं अंतर, १०० यार्डांना बांधलेला असतो. दहा-वीस मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतं. पुढच्या भिंगावर अंतराची रिंग असलेला, १० यार्डांपर्यंत खाली येणारा मिळतो, तो बघायला सांगा.

आणण्याचं मात्र माझ्याकडून नाही. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत. कपड्यांच्या घडीत एक स्कोप म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण परवानगी नसताना नेला तर गुन्हा अमेरिकेच्या बाजूने होतो. इथे ग्रीन कार्ड आणि नोकऱ्या सांभाळणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. भारतातच एअरगनचे स्कोप मिळतात.

बारामतीकर_पीए

नाना, स्कोप बसवला. टॉर्क ड्रायव्हर मित्राकडेच निघाला. २५ वर झिरो पटकन झालं. १०० वर पहिल्या तीन गोळ्या इंचभरात, मी खूश. पुढच्या पाच लगेच मारल्या तर त्या वर आणि उजवीकडे पसरत गेल्या, तीनेक इंच. स्क्रू तपासले, सगळे जागेवर. स्कोप परत पाठवू का?

नाना_कराडकर

पाठवू नका. नळीला हात लावून पाहिला होतात का? शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, लागोपाठ आठ गोळ्यांनी ती तापते आणि गोळ्या सरकायला लागतात. तीन मारा, बोल्ट उघडा ठेवून रायफल बाजूला लावा, दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्यांच्या चुका बघा, मग पुढच्या तीन. हरणावर तुम्ही थंड नळीतून एकच गोळी मारणार आहात, तेव्हा ती पहिली कुठे लागते तेवढं वहीत लिहीत जा.

स्कोपची शंका फेडायची असेल तर पुढच्या वेळी थंड नळीने एक मारा, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर एक-एक, मधे नळी थंड करत. चौकोन पाच-पाच इंचांचा आला आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी पडली तर स्कोप खणखणीत. एका कोपऱ्यात एखादा इंच मागे-पुढे होईल, तो तुमच्या हाताचा धरा.

आणि पॉटर काउंटीला रात्री रायफल केबिनच्या गरम खोलीत घेऊ नका. कुलूप लावून थंडीत ठेवा. गरम खोलीत आणली की थंडगार भिंगांवर दव धरतं, बोल्टमध्ये पाणी साचतं आणि पहाटे बाहेर नेल्यावर तेच गोठतं.

न्यू_जर्सीचा_नवखा

विषय थोडा सोडून विचारतो. मी एच-वन-बी वर आहे. एवढं वाचून हात शिवशिवायला लागलेत. रेंजवर भाड्याची रायफल घेऊन एक-दोनदा मारून बघितलं तर चालेल ना? विकत घ्यायची नाहीच आहे.

नाना_कराडकर

थांबा. संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. 'विकत घेणं' आणि 'हातात धरणं' असा फरक तिथे करत नाहीत, भाड्याची रायफलही त्यात येते. मित्र म्हणाला, घे रे, माझीच आहे, तरी तेच.

अपवाद थोडे आहेत. आपल्या लोकांच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. म्हणून इथले बरेच एच-वन-बी वाले शिकार करायची नसली तरी कोर्स करून लायसन्स काढतात. त्यावर तुमच्या राज्याचे नियम वेगळे लागतात, आणि न्यू जर्सीचे कडक आहेत. तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला एक मेल टाकून विचारा आणि मगच रेंजवर जा.

लायसन्स मुदतीत असायला हवं, हे लोक विसरतात. पेनसिल्व्हेनियाचं ३० जूनला संपतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी रेंजवर जायचं ठरवलं असेल तर नवं आधी काढा.